एपीके टाकायचं की नाही, हे ठरवायचं नक्की कोणी?

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली नाही असा ग्रुप आता शोधून सापडायचा नाही. कधी चलान, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी बँकेचं केवायसी, आणि लग्नसराईत तर चक्क लग्नपत्रिका. पाठवणारा बऱ्याचदा ओळखीतलाच असतो, कारण त्याच्या फोनची वाट आधीच लागलेली असते आणि त्याच्या नावाने ती फाइल आपली आपणच पुढे जात असते. असल्या बातम्या रोज वाचल्या की वाटतं, बाहेरून ॲप टाकायची सोयच बंद करून टाका ना, कटकट मिटली. गूगलही साधारण त्याच दिशेने निघालंय, आणि ॲपलने तर आयफोनवर ही सोय कधी दिलीच नव्हती.

मग जगभरातली कोर्टं आणि सरकारं बरोबर उलटं का सांगतायत? युरोपने कायदा केला की बाहेरची ॲप्स टाकू द्या, जपानने केला, अमेरिकेत मोठे खटले झाले, मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या आपल्या स्पर्धा आयोगानेसुद्धा एकदा तसाच आदेश काढला होता. एकाच गोष्टीला सायबर पोलीस धोका म्हणतात आणि स्पर्धा आयोग हक्क म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीयेत, म्हणून तर हा विषय जरा सावकाशीने बघावा लागतो.

आधी एपीके म्हणजे काय ते. अँड्रॉइडचं कुठलंही ॲप शेवटी एपीके फाइल म्हणूनच फोनमध्ये येतं, प्ले स्टोअरवरून घ्या नाहीतर अजून कुठून घ्या. त्या फाइलच्या आत प्रोग्रॅम असतो, चित्रं-आवाज असतात, एक यादी असते ज्यात हे ॲप फोनकडे काय काय मागणार ते लिहिलेलं असतं (एसएमएस वाचायचेत, कॅमेरा पाहिजे, लोकेशन पाहिजे वगैरे), आणि ॲप बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आता ह्या सहीबद्दल लोकांचा गैरसमज असतो. तिच्यावरून बनवणाऱ्याचं नाव-गाव काही कळत नाही. कळतं एवढंच की आज आलेलं अपडेट त्याच माणसाने दिलंय ज्याने पहिल्यांदा ॲप दिलं होतं, मधल्यामध्ये कोणी दुसऱ्याने घुसवलेलं नाही. माणूस कोण, तर माहीत नाही, पण माणूस तोच. गूगलला आता हेच बदलायचंय, त्यावर पुढे येतो.

प्ले स्टोअर सोडून दुसरीकडून ॲप टाकणं म्हणजे साइडलोडिंग. अँड्रॉइडवर हे पहिल्यापासून चालतं. आधी सेटिंगमध्ये 'अननोन सोर्सेस' नावाचं एकच बटण होतं, ते एकदा चालू केलं की कुठूनही काहीही यायचं, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते कधीतरी चालू करून तसंच सोडून दिलेलं होतं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ती परवानगी ॲपनिहाय झाली, म्हणजे क्रोमला वेगळी, व्हॉट्सॲपला वेगळी. आयफोनचा मामला वेगळा. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यात बाहेरच्या कोणाचं ॲप टाकायची सोयच नव्हती, जुलै २००८ मध्ये ५०० ॲप्स घेऊन ॲप स्टोअर सुरू झालं आणि तेव्हापासून कारभार एकच (युरोप-जपानचा अपवाद पुढे येईल), ॲपलने तपासून पास केलं तर फोनमध्ये येईल, नाहीतर नाही.

ती चलानची फाइल उघडल्यावर काय होतं

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण सगळा वाद इथल्या बारकाव्यात आहे. फाइलवर टॅप केलं की अँड्रॉइड अडवतो, म्हणतो व्हॉट्सॲपला ॲप टाकायची परवानगी नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी लागते. मग प्ले प्रोटेक्ट नावाचा गूगलचा तपासनीस फाइल बघतो, ओळखीचा व्हायरस असेल तर थांबवतो, पण फाइल कालच नवीन बनवलेली असेल तर बऱ्याचदा ती निसटते. ॲप उघडतं, वर सरकारी दिसणारं बोधचिन्ह असतं, आणि ते म्हणतं 'अपडेट करा'. हे पहिलं ॲप नुसतं वाहक असतं, खरा माल ह्या 'अपडेट'मधून येतो. तो येतो आणि एसएमएस वाचायची परवानगी मागतो. आपण 'अलाऊ' दाबतो, कारण गेली दहा-बारा वर्षं प्रत्येक ॲपने आपल्याला हेच दाबायची सवय लावलेली आहे. त्यानंतर ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं, माणसाला वाटतं फाइल खराब असेल, आणि तो विसरून जातो. इकडे बँकेचा ओटीपी फोनवर आला की त्याच क्षणी त्याची कॉपी दुसऱ्या कोणाच्या तरी टेलिग्रामवर.

अजून एक परवानगी ह्याहून भारी आहे, ॲक्सेसिबिलिटी. ही मुळात दृष्टी नसलेल्या लोकांसाठी केलेली सोय. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं आणि माणसाच्या वतीने बटण दाबायचं, एवढं ज्या ॲपला करायचंय त्याला स्क्रीन पूर्ण बघू द्यावी लागते. अँड्रॉइडमध्ये एरवी प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं, एकाचा डेटा दुसऱ्याला दिसत नाही. ॲक्सेसिबिलिटी मिळाली की मात्र ते ॲप तुमचा बँकेचा पिन टाइप होताना बघतं आणि तुम्ही झोपलेले असताना तुमच्या वतीने बटणंही दाबतं. काढून टाकावी म्हणाल तर लाखो अंध लोकांचा फोन बंद पडेल.

म्हणजे नीट बघितलं तर नुसतं ॲप फोनमध्ये आल्याने खातं रिकामं होत नाही. ते होतं त्या दोन-चार परवानग्यांमुळे, आणि बहुतेक वेळा पलीकडून फोनवर कोणीतरी 'सर आता हे दाबा, आता ते दाबा, लवकर करा नाहीतर दंड दुप्पट होईल' असं सांगत असतं त्या घाईमुळे.

मग बंदच का करू नये?

कारण ज्याच्या हातात बंद करायची किल्ली जाते त्याचा स्वतःचाही धंदा आहे. ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअर दोन्हीकडे ॲपच्या आत होणाऱ्या डिजिटल विक्रीवर कमिशन, बराच काळ सरसकट ३० टक्के, नंतर छोट्यांसाठी १५ टक्के. त्यांच्याशिवाय गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ताच नसेल तर हे कमिशन ३० का, १० का नाही, हे विचारायची सोय उरत नाही.

आपल्याकडे हे समजायला बाजार समितीसारखं दुसरं उदाहरण नाही. १९६३ चा कायदा आला तो शेतकऱ्याच्याच भल्यासाठी, कारण खाजगी व्यापारी काटा मारायचे, हिशोबात गडबड करायचे, म्हणून परवानाधारक अडते, उघड लिलाव, समितीची देखरेख. हेतू शंभर टक्के बरोबर. पुढे झालं असं की माल विकायचा तर तिथेच, आणि तिथे गेलं की आडत, हमाली, तोलाई हे आलंच. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तेव्हा मोठा गदारोळ झाला की शेतकरी आता लुटला जाणार. तर झालं काय, वाशीचं मार्केट काही ओस पडलं नाही, बहुतेक माल आजही तिकडेच जातो कारण ते सोयीचं आहे, पण ज्याला थेट सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभा करून कांदे विकायचेत त्याला ते करता येतं. अँड्रॉइडचं चित्र तसंच आहे, बहुतेक लोक प्ले स्टोअर सोडून कुठे जात नाहीत. पण जाता येतं, ह्या एका गोष्टीमुळे स्टोअरवाल्याला थोडं तरी नमतं घ्यावं लागतं.

भारतातली खरी उदाहरणं बघा. मुंबईची ड्रीम११, २०२० ची आयपीएलची टायटल स्पॉन्सर. टीव्हीवर दर षटकाला जाहिरात, पण प्ले स्टोअरवर ॲप नाही, कारण पैसे लावायचे खेळ भारतात गूगलच्या नियमात बसत नव्हते. मग लोकांनी काय केलं, कंपनीच्या वेबसाइटवर गेले, एपीके उतरवली, सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. गंमत अशी की साइडलोडिंग म्हणजे काय हे माहीत नसलेल्या लाखो-करोडो लोकांना ते करायला क्रिकेटने शिकवलं. (चलानवाल्यांना नंतर ह्या सवयीचा फायदा झालाच असणार, हा माझा अंदाज.) २०२२ मध्ये गूगलने असल्या काही खेळांना प्रयोग म्हणून स्टोअरवर घेतलं आणि २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला. मला तो खेळ काही फार आवडत नाही. पण तो चालू द्यायचा की नाही हे ठरवायचा अधिकार संसदेचा, आणि २०२५ पर्यंत तो प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या नियमपुस्तकाकडे होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१८ सप्टेंबर २०२० ला, म्हणजे त्याच आयपीएलच्या आदल्या दिवशी, पेटीएमचं ॲप काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून उडालं. संध्याकाळी परत आलं. कोट्यवधी लोकांचं पाकीट ज्या ॲपमध्ये आहे ते एका सकाळी स्टोअरवर दिसत नाही म्हटल्यावर लोकांचे धाबे दणाणले होते. मग १ मार्च २०२४, कमिशनच्या वादातून गूगलने शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९ एकर्स, कुकू एफएम अशी बरीच भारतीय ॲप्स काढून टाकली. केंद्रीय मंत्र्यांनी मध्ये पडून बैठका घेतल्या तेव्हा चार-पाच दिवसांत ती परत आली. इथे व्हायरसचा प्रश्न नव्हता, फसवणुकीचा नव्हता, बिलाचा होता. आणि स्टोअरवरून काढायचं हत्यार मात्र तेच, जे व्हायरससाठी वापरतात.

दुसरी गोष्ट सरकारांची. एकच गेट असलं की सरकारला एकाच माणसाला फोन करावा लागतो. २०१७ मध्ये ॲपलने चीनमधल्या स्टोअरवरून व्हीपीएन, म्हणजे सरकारी इंटरनेट बंदी चुकवणारी, ॲप्स काढली. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारं ॲप काढलं. २०२१ मध्ये रशियात निवडणुकीच्या तोंडावर पुतिनविरोधी नेता नवाल्नीच्या गटाचं ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही उतरवलं. एप्रिल २०२४ मध्ये चीनच्या ॲप स्टोअरवरून व्हॉट्सॲप गेलं. अँड्रॉइडवाल्याला निदान फाइल मिळवून ॲप टाकता येतं, आयफोनवाल्याला तिथे तशी सोय नाही. आपल्याकडे ५९ चिनी ॲप्स २९ जून २०२० ला बंद झाली, सप्टेंबरमध्ये पब्जी गेलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी पब्जीची एपीके कुठून कुठून मिळवली ते सगळ्यांनी बघितलंय. तिथे सरकार बरोबर होतं की पोरं, हा वेगळा वाद.

स्टोअर तरी किती सुरक्षित?

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की इंटरनेटवरून साइडलोड होणाऱ्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटीहून जास्त मालवेअर (फोनला घातक प्रोग्रॅम) सापडतो. आकडा त्यांचाच आहे आणि त्यांचा त्यात स्वार्थ आहे हे खरं, पण बाहेर जास्त घाण आहे हे नाकारायचं काही कारण नाही. ५० ऐवजी २० पट असेल, तरी मुद्दा तोच.

पण आतही सोवळं नाहीये. 'जोकर' नावाच्या एका मालवेअरची १,७०० ॲप्स काढली असं गूगलनेच २०२० मध्ये जाहीर केलं. आणि कर्ज देणारी ती ॲप्स आठवा, पाच हजार देणार, सात दिवसांत व्याजासकट मागणार, आणि नाही दिले की फोनमधल्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना फोटो एडिट करून पाठवणार. त्यातली कित्येक चक्क प्ले स्टोअरवर होती. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ ह्या एका वर्षात २,२०० हून जास्त कर्जाची ॲप्स गूगलने काढली, हे सरकारने संसदेत सांगितलंय. लोकांनी ती टाकली तेव्हा त्यांच्याकडे स्टोअरचा शिक्का होता. उलट बाजूला एफ-ड्रॉइड बघा, २०१० पासून चालू असलेलं स्टोअर, फक्त ओपन सोर्स ॲप्स, कोड कोणीही उघडून वाचावा, आणि ते पूर्णपणे साइडलोडिंगवर उभं आहे. सिग्नल ह्या मेसेजिंग ॲपवाले त्यांच्या वेबसाइटवर स्वतः एपीके देतात. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर आणलं, मराठीसकट १२ भारतीय भाषांत. आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतले तंत्रस्नेही शिक्षक, ज्यांनी पाढे-कवितांची छोटी छोटी ॲप्स करून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली, ते पण साइडलोडिंगच.

मध्ये कुठेतरी जीबी व्हॉट्सॲप येतं. डिलीट केलेले मेसेज दिसतात, ब्लू टिक लपते, म्हणून कॉलेजात निम्म्या वर्गाकडे असतं. ते मूळ व्हॉट्सॲप नाही, कोणीतरी तिसऱ्याने फोडून बदललेलं आहे, तुमचे सगळे चॅट त्याच्या प्रोग्रॅममधून जातात, आणि व्हॉट्सॲपला कळलं तर खातं काही दिवस बंदही होतं. टाकणाऱ्याला हे माहीत असेल आणि तरी टाकायचं असेल तर त्याचा तो बघेल. माहीत नसतं हाच प्रॉब्लेम आहे.

गूगल आता काय करतंय

आता त्या सहीवर येऊ. गूगलने जाहीर केलंय की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये गूगलचा शिक्का असलेल्या अँड्रॉइड फोनवर तेच ॲप बसेल ज्याच्या डेव्हलपरने (बनवणाऱ्याने) आपली ओळख गूगलकडे नोंदवली आहे. प्ले स्टोअरवर नसलं तरी. कायदेशीर नाव, पत्ता, फोन, लागलं तर सरकारी ओळखपत्र. २०२७ पासून हे बाकी जगात येणार, म्हणजे आपल्याकडेही. एफ-ड्रॉइडवाल्यांनी लगेच आक्षेप घेतला की फुकटात ॲप करणाऱ्या स्वयंसेवकांनी गूगलला कागदपत्रं का द्यायची, आणि उद्या गूगलने एखाद्याची नोंदणी रद्द केली तर त्याचं ॲप जगात कुठल्याच फोनवर बसणार नाही, मग साइडलोडिंगला अर्थ काय उरला. बराच आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की ज्यांना धोका कळतो त्यांच्यासाठी इशारे देत देत जाणारा एक वेगळा मार्ग ठेवू, विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठीही हलकी नोंदणी ठेवू.

नोंदणीने फसवणूक थांबेल का? थोडी थांबेल, कारण एक नाव बाद झालं की भामट्याला दुसरं शोधावं लागेल. पण आपल्या देशात दुसऱ्याच्या नावावरचं सिम कार्ड मिळतं, चार-पाच हजारांसाठी आपलं बँक खातं भाड्याने देणारी पोरं सापडतात, तिथे डेव्हलपर म्हणून उभा करायला एक आधार कार्ड मिळणार नाही असं समजणं जरा भाबडेपणाचंच आहे. भामट्याला खोटी ओळख परवडते. शाळेच्या मास्तरला, किंवा नाव उघड झालं तर अडचणीत येईल अशा पत्रकाराला, ती परवडत नाही.

युरोपचं उलटं. तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ ह्या आयफोनच्या सिस्टीमबरोबर ॲपलला दुसऱ्यांची स्टोअर्स येऊ द्यावी लागली, एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर सुरू झालं, ऑगस्टमध्ये एपिक गेम्स ह्या गेम कंपनीचं स्टोअर. ॲपलने उघडलं पण नाक मुरडत, प्रत्येक ॲप आधी आमच्याकडून तपासून घ्या, आणि दहा लाखांच्या वर इन्स्टॉल गेले की दर इन्स्टॉलला वर्षाला अर्धा युरो द्या. जपानचा कायदा १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. म्हणजे तोच आयफोन, कदाचित तमिळनाडूतच जोडलेला, बर्लिनमध्ये राहणाऱ्या तुमच्या भाच्याला वेगळं स्टोअर टाकू देतो आणि पुण्यात तुम्हाला देत नाही. हार्डवेअर तेच, धोके तेच, फरक फक्त कायद्याचा. तेव्हा 'सुरक्षेसाठी हे शक्यच नाही' हे कारण आता तेवढं चालत नाही.

तसंही कॉम्प्युटरवर आपण हा प्रश्न कधी विचारला नाही. लॅपटॉप घेतला, पाहिजे त्या साइटवरून पाहिजे ते सॉफ्टवेअर टाकलं. ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी २०२१ मध्ये एपिकने ॲपलवर घातलेल्या खटल्यात कोर्टात म्हणाले की मॅकवर मालवेअरचं प्रमाण आम्हाला पटण्यासारखं नाही. असेल. पण त्याच मॅकवर मधला मार्ग आहे, ओळख असलेल्या डेव्हलपरचं सॉफ्टवेअर सरळ चालतं, अनोळखी असेल तर अडवतं, आणि मालकाला खरंच पाहिजे असेल तर सेटिंगमध्ये खोल जाऊन तो ते चालू करू शकतो. शेवटचं बटण मालकाकडे. मला फोनमध्येही तेच हवंय.

आणि त्याच्या जोडीला अडवायचं तिथे नेमकं अडवा. ह्या बाबतीत गूगलनेच चांगली कामं केलीयत, ती मात्र कोणी सांगत नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरच्या सायबर सुरक्षा यंत्रणेबरोबर त्यांनी एक प्रयोग केला, ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर ते बसूच द्यायचं नाही. त्याच वर्षी नंतर तो भारतातही आणला. आणि २०२५ मध्ये सांगितलं की फोनवर कॉल चालू असताना पहिल्यांदा साइडलोड करायला किंवा ॲक्सेसिबिलिटी द्यायला अँड्रॉइड मनाई करेल. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त पटलं, कारण ज्याने हे सुचवलं त्याला फसवणूक प्रत्यक्षात कशी होते ते माहीत आहे. पाढ्यांच्या ॲपला एसएमएस वाचायचे नसतात, त्यामुळे मास्तरला ह्याचा काही त्रास नाही. चलानवाल्याचा मात्र पूर्ण धंदाच त्या परवानगीवर आहे.

आपल्याकडे कोण बोलणार

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला तेव्हा सोबतच्या आदेशांत एक असाही होता की साइडलोडिंगने ॲप द्यायची डेव्हलपरची मुभा गूगलने कुठल्याही प्रकारे रोखू नये. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला पण हा आदेश आणि अजून तीन रद्द केले. दंडाची बातमी सगळीकडे झाली, ह्याची फारशी नाही. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा आला, युरोपच्या धर्तीवर, पण कायदा काही झाला नाही. उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे फसवणूक आणि चोरीच्या फोनच्या तक्रारीचं सरकारी ॲप आधीच टाका असा आदेश काढला, टीका झाल्यावर ३ डिसेंबरला मागे घेतला. एक जण म्हणतो हे ॲप टाकू नका, दुसरा म्हणतो हे टाकलंच पाहिजे, आणि ईएमआय आपण भरतोय.

२०२७ ला गूगलचा नियम इथे येईल तेव्हा निदान दोन गोष्टी आधीच विचारून ठेवल्या पाहिजेत. एखाद्या डेव्हलपरची नोंदणी गूगलने रद्द केली तर त्याने भारतात दाद कोणाकडे मागायची. आणि तो जो 'धोका कळणाऱ्यांसाठी' वेगळा मार्ग आहे तो मराठीत, साध्या शब्दांत असणार आहे का, की तिथेही इंग्रजीतली चार पानं वाचून 'अलाऊ' दाबायचं.

तोपर्यंत घरच्यांच्या फोनपुरतं एक करता येतं. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग स्पेशल ॲप ॲक्सेस, मग इन्स्टॉल अननोन ॲप्स (कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतील). तिथे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोरचं बटण बंद ठेवा, ज्याला लागेल त्याने तेवढ्यापुरतं चालू करावं आणि परत बंद करावं. चलानची फाइल आधीच टाकून झाली असेल तर पहिलं नेट आणि वायफाय बंद, फोन एअरप्लेन मोडवर, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल. मग ॲप्सच्या यादीत जाऊन ते काढा, चिन्ह स्क्रीनवर दिसत नसलं तरी यादीत बहुतेक वेळा सापडतं. निघतच नसेल तर आधी त्याची ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी काढा, आणि तरीही नाही निघालं तर फोटो कुठेतरी ठेवून फॅक्टरी रीसेट.